नकाराला कारण हवं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी नियमांचे पक्के होते, हे इथल्या जुन्या मंडळींना मी सांगायला नको. त्यांच्या वाचनालयाची वेळ संपली की संपली. पण एखाद्याला पुस्तक नाकारायची वेळ आली, तर का नाकारलं हे सांगितल्याशिवाय त्यांनी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. आजचा विषय त्यांच्या या स्वभावाला धरून आहे, म्हणूनच तो मी निवडला.

मोठमोठ्या ऑनलाइन समूहांत आज लाखो माणसं एकमेकांना प्रश्न विचारतात, माहिती देतात, शिकवतात. आणि तिथेच त्यांना रोज ऐकावं लागतं की तुमचं लिखाण नियमात बसत नाही. त्याने माणसं खट्टू होतात, चिडतात, पुष्कळदा कायमची गप्प बसतात. या गप्प बसण्याची मला काळजी वाटते.

माझी पुतणी आणि तिचा नवरा निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. फळछाटणीला महिना झाला असेल, आणि अवकाळी पावसाने दोन दिवस ठाण मांडलं. तिसऱ्या दिवशी पानांवर तेलकट पिवळे डाग दिसले. द्राक्ष पिकवणाऱ्याच्या पोटात अशा वेळी गोळा येतो, कारण पहिली शंका डाऊनी या बुरशीरोगाची असते. तो घडात शिरला तर वर्षाची कमाई गेली. तिने पानाचा फोटो काढला आणि हजारो बागायतदार असलेल्या एका समूहावर टाकला. ‘हा डाऊनी आहे का? आज कोणतं औषध घेऊ?’ पोस्ट मंजुरीसाठी अडकून राहिली. रात्री उशिरा निरोप आला: नियम क्रमांक ४ चं उल्लंघन, पोस्ट काढण्यात आली आहे. त्यापुढे एक अक्षर नाही.

तो चौथा नियम मी नंतर वाचला. द्राक्षाचा वाण, छाटणीला झालेले दिवस, आधीच्या फवारण्या आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो दिल्याशिवाय रोगाविषयी विचारू नये, असा तो आहे. नियम चोख आहे. डाऊनीचा डाग वरून पिवळा दिसतो, पण खात्री होते ती पान उलटल्यावर, खालच्या अंगाला पांढरी बुरशी दिसली की. घड फुलोऱ्यात असताना सगळीच औषधं चालत नाहीत, म्हणून छाटणीची तारीख हवी. माल परदेशी जाणार असेल तर औषधाचा अंश किती उरतो याचाही हिशेब करावा लागतो. चुकीच्या सल्ल्याने कुणाची तरी बाग हातची गेलेली पाहूनच जाणत्या माणसाने हा नियम केला असणार. मग निरोपात एवढंच लिहायला काय हरकत होती, की ताई, पान उलटून आणखी एक फोटो टाका आणि छाटणीची तारीख लिहा? पाच मिनिटांचं काम होतं.

तिने पुन्हा पोस्ट टाकली नाही. शेजारच्या बागायतदाराला बोलावून पान दाखवलं, फवारणी केली, बाग बऱ्यापैकी सावरली. त्या समूहात ती अजून आहे, वाचते. विचारत मात्र काही नाही, आणि त्या हंगामात तिला स्वतःला जे उमगलं तेही तिने तिथे सांगितलं नाही. काढून टाकलेल्या पोस्टची नोंद कुठेतरी राहते. अशा गप्प झालेल्या माणसांची नोंद कुणीच ठेवत नाही.

नियम मुळात येतात कुठून, हे आधी पाहू. १९८०च्या सुमारास अमेरिकी विद्यापीठांतून यूजनेट नावाचं चर्चाजाळं सुरू झालं. दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, कुठेही काहीही लिहीत, जुनी मंडळी चार-सहा आठवडे त्यांना रीत शिकवत आणि गाडी रुळावर येई. १९९३-९४च्या सुमारास एओएल या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना यूजनेटचं दार उघडून दिलं. नव्या माणसांचा ओघ थांबेचना. जुन्या लोकांनी त्या काळाला ‘कायमचा सप्टेंबर’ असं नाव दिलं. शिकवणारे थोडे आणि येणारे अमाप झाले की तोंडी शिकवण पुरत नाही, तिच्या जागी लेखी नियम येतात. यात कुणाचा दुष्टावा नाही.

काही नियमांमागे तर खरी इजा असते. जॉन सीगेन्थालर हे अमेरिकेतले नामवंत पत्रकार. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट केनेडींचे सहायक म्हणून काम केलं होतं. २००५ साली कुणा अनामिकाने विकिपीडियावरच्या त्यांच्या चरित्रात लिहिलं, की दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. ही धादांत खोटी गोष्ट जवळजवळ चार महिने तशीच राहिली. सीगेन्थालर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्याला वाचा फोडली. त्यानंतर डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवा लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली, आणि जिवंत माणसांविषयी लिहिताना संदर्भाचा आग्रह कडक होत गेला. अशा नियमांना जाच म्हणणाऱ्याने स्वतःचं नाव त्या पानावर कल्पून पाहावं.

तेव्हा नियमच नकोत, असं मी म्हणणार नाही. पण याच विकिपीडियाची जन्मकथाही विसरता येत नाही. तिच्याआधी, २०००मध्ये, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा कोश सुरू केला होता. लेखक तज्ज्ञ असावा, आणि लेखाने तपासणीचे सात टप्पे ओलांडावेत, अशी शिस्त होती. पहिल्या वर्षात जेमतेम वीस-पंचवीस लेख हाती लागले. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचं दार सर्वांसाठी उघडलं, आणि त्या वर्षाअखेर सुमारे २० हजार लेख झाले होते. तिथल्या अगदी सुरुवातीच्या नियमांपैकी एकाचा आशय असा होता, की नियमांमुळे कोश सुधारण्यात अडथळा येत असेल तर नियम बाजूला ठेवा. तो नियम आजही पुस्तकात आहे. नव्या माणसाने त्याचा आधार घेतला तर त्याचं कोण ऐकतं, हे त्यालाच विचारा.

२००७च्या आसपास इंग्रजी विकिपीडियावर नेमाने लिहिणाऱ्यांची संख्या शिखराला पोहोचली, आणि मग वर्षानुवर्षं घसरत राहिली. ॲरन हाफाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग काढून २०१३मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो प्रत्येक समूहचालकाने वाचावा असा आहे. येणाऱ्या नव्या माणसांची नियत बिघडली होती, असं त्यांना आढळलं नाही. चांगल्या हेतूने येणारे पूर्वीसारखेच येत होते. बदललं होतं ते स्वागत. नासधूस रोखण्यासाठी केलेल्या साधनांनी एका कळीसरशी लिखाण उलटवता येऊ लागलं, आणि त्या वेगात प्रामाणिक माणसाचं चुकलेलं वाक्यही कचऱ्याबरोबर जाऊ लागलं. ज्यांचं पहिलं लिखाण असं उलटवलं गेलं, ते टिकण्याची शक्यता घटली. आणखी एक निष्कर्ष मला अधिक गंभीर वाटतो. जुन्या लोकांनी लिहून ठेवलेले नियम घट्ट होत गेले, आणि त्यांत बदल सुचवणाऱ्या नव्यांचं म्हणणं स्वीकारलं जाण्याचं प्रमाण कमी होत गेलं. म्हणजे आधी आले त्यांनी घटना लिहिली, आणि नंतर आलेल्यांना घटनादुरुस्तीचा हक्क नावापुरता उरला.

आता डॉना स्ट्रिकलंड यांची हकीकत सांगतो. ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात कुणीही नियम मोडलेला नाही. स्ट्रिकलंड कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. अतितीव्र आणि अतिलघु लेसर स्पंदं निर्माण करण्याची रीत त्यांनी जेरार मूरू यांच्यासोबत १९८५मध्ये मांडली होती. २०१८मध्ये कुणीतरी त्यांच्यावर लेखाचा मसुदा तयार करून इंग्रजी विकिपीडियावर दाखल केला. मे महिन्यात तपासणाऱ्या स्वयंसेवकाने तो परत पाठवला: दिलेल्या संदर्भांवरून या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. २ ऑक्टोबर २०१८ला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. आर्थर ॲश्किन आणि मूरू यांच्याबरोबर स्ट्रिकलंड यांचं नाव होतं. मारिया गेपर्ट-मायर यांना १९६३मध्ये हा मान मिळाला होता, त्यानंतर ५५ वर्षांनी तो एका स्त्रीला मिळत होता. त्या घटकेला विकिपीडियावर त्यांचं पान नव्हतं.

त्या स्वयंसेवकावर जगभरातून टीकेची झोड उठली. ती मला अन्यायाची वाटते. ज्या व्यक्तीवर लेख आहे तिच्याविषयी इतरांनी, स्वतंत्रपणे, काय लिहून प्रसिद्ध केलं आहे हे पाहा, असं नियम सांगतो, आणि मसुद्यात तसे संदर्भ अपुरे होते. पण ते अपुरे का होते? वर्तमानपत्रांनी, नियतकालिकांनी, पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी या बाईंविषयी फारसं लिहिलंच नव्हतं. बाहेरच्या जगाने ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याला नियमही ओळखत नाही. दुर्लक्ष झालेल्यांच्या बाबतीत नियम सर्वांना सारखा लावणं पुरेसं पडत नाही, हे इथे लख्ख दिसतं. मसुदा परत पाठवताना ‘या विषयातल्या कुणाला तरी विचारून, कोणते संदर्भ मिळतील ते पाहू’ एवढी वाट ठेवली असती, तर चार महिन्यांहून अधिक काळ हातात होता.

कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२मध्ये असाच अनुभव आला. ‘द ह्यूमन स्टेन’ या आपल्याच कादंबरीमागची प्रेरणा विकिपीडियावर चुकीची दिली आहे, असं त्यांनी कळवलं, तर उत्तर मिळालं की लेखकाच्या शब्दापलीकडचा दुय्यम संदर्भ हवा. त्यांनी ‘न्यूयॉर्कर’च्या संकेतस्थळावर खुलं पत्र लिहिलं, आणि ते पत्र संदर्भ म्हणून चाललं. रॉथ यांना न्यूयॉर्करचं दार उघडं होतं. आमच्या शाहिराला, दशावतारात आयुष्य घालवलेल्या नटाला कुठलं दार उघडं आहे?

मराठी विकिपीडिया १ मे २००३पासून चालू आहे. तिथे चर्चेची चावडी आहे, सराव करायला धूळपाटी आहे, ठरावीक कामं करणाऱ्या आज्ञावलीला सांगकाम्या म्हणतात. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना आपल्या माणसांना घरच्यासारखं वाटावं, अशी आस होती. तिथले प्रचालक मोजके, सगळे बिनपगारी, दिवसाची नोकरी सांभाळून रात्री बसणारे. त्यांच्यावर मी दगड मारणार नाही. पण संदर्भाचा नियम मराठी विषयाला लावताना काय होतं, ते पाहा. आपल्याकडचं कितीतरी मोलाचं लिखाण दिवाळी अंकांत, नाट्यसंमेलनांच्या स्मरणिकांत, गौरवग्रंथांत, जिल्हा पातळीवरच्या साप्ताहिकांत पडून आहे. ते इंटरनेटवर नाही. छापील संदर्भ चालतो असं नियम म्हणतो, पण पडद्यावर दुवा उघडत नाही तर तपासणारा बिचकतो. इंग्रजी विकिपीडियावर तर ओहायोत बसलेल्या तपासनिसाला वाईहून निघणाऱ्या ‘नवभारत’ मासिकाचा दर्जा काय, हे कळायला मार्ग नाही. विश्वसनीय कोण, हे ठरवणारे आणि लिहिणारे यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे.

आणि जे छापलंच गेलं नाही त्याचं काय? अचल प्रभाला यांनी २०११मध्ये, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या साहाय्याने, भारत आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. केरळातला ‘डब्बा कळी’ हा मुलांचा खेळ लाखो लोकांनी खेळलेला, पण त्याविषयी छापील मजकूर हाती लागेना. मग खेळणाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून द्याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. त्यावर कडाक्याचा वाद झाला. ऐकीव गोष्टीला संदर्भ मानलं तर उद्या कुणीही काहीही मुद्रित करून आणेल, ही हरकत मला पोकळ वाटत नाही. पण तिचं उत्तर आपल्याच घरात आहे. जात्यावर दळताना बायकांनी गायिलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी कार्यकर्त्यांच्या साथीने गावोगाव फिरून टिपल्या. गाणारीचं नाव, गाव, सगळं नोंदवलं. तो एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आहे. कालपर्यंत जी ओवी कुठल्याच कोशात पुरावा ठरली नसती, तिच्याकडे आता बोट दाखवता येतं. नियम हटेना तेव्हा नियम पाळता येईल अशी जमीन तयार करावी लागते, आणि त्याला वर्षं लागतात. नाकारणाऱ्याने निदान ती वाट आहे, हे नाकारलेल्याला सांगायला नको का?

संगणकाच्या क्षेत्रातली मुलं इथे असतील, त्यांना स्टॅक ओव्हरफ्लो माहीत आहे. २००८मध्ये सुरू झालेल्या या प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी नुसती टिप्पणी करायलासुद्धा ५० गुण मिळवावे लागत. ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे’ असा शिक्का बसला की प्रश्न बंद. उत्तरांचा दर्जा त्यामुळेच टिकला, हे खरं. पण एप्रिल २०१८मध्ये कंपनीच्याच एका वरिष्ठाने जाहीरपणे कबूल केलं, की पुष्कळांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, ही जागा परकी आणि तुसडी वाटते. दर्जा राखणारा नियम आणि तुसडेपणा यांची इतकी गल्लत होते, की पुढे तुसडेपणा हाच दर्जाचा पुरावा वाटू लागतो.

आपल्याकडच्या व्हॉट्सॲप समूहांत कडकपणाचं मूळ अनेकदा भीतीत असतं. कुणी काही वावगं टाकलं तर पोलीस ॲडमिनला धरतील, या धास्तीने ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ ही कळ दाबली जाते. २०१८पासून ती सोय आली, आणि कितीतरी बोलके समूह सूचनाफलक होऊन बसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केलं आहे, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. हा निकाल जितक्या ॲडमिनपर्यंत पोहोचायला हवा होता तितक्यांपर्यंत पोहोचलेला नाही.

कारण सांगण्याच्या बाबतीत कायद्याने एक शहाणपणाचं पाऊल टाकलं आहे. केंद्र सरकारच्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने कुणाचा मजकूर स्वतःहून काढला, तर त्याला तसं कारणासह कळवणं आणि म्हणणं मांडायची संधी देणं अपेक्षित आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातही कारण देण्याचं बंधन आहे. आपल्याकडच्या त्या नियमांतल्या इतर तरतुदींवर वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. पण कारण मिळण्याचा हक्क मला अगदी मूलभूत वाटतो. हे बंधन कंपन्यांवर आहे. कंपनीच्या आत सदस्यांनीच चालवलेल्या समूहांत मात्र ते ॲडमिनच्या माणुसकीवर सोपवलेलं आहे.

लोकांनी स्वतः चालवलेल्या व्यवस्थांचा विषय निघाला, की एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव घ्यायला हवं. २००९मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जंगल, कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी अशी सामायिक साधनं लोक स्वतःच्या नियमांनी पिढ्यान् पिढ्या कशी टिकवतात, याचा अभ्यास त्यांनी १९९०च्या ग्रंथात मांडला. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही गोष्टी वारंवार दिसल्या. ज्यांना नियम लागू होतात त्यांचा ते बदलण्यात वाटा असतो. पहिल्या चुकीला हलकी शिक्षा असते, ती पायरीपायरीने वाढते. आणि तंटा मिटवायची जागा जवळ असते, स्वस्त असते.

आपल्याकडे हे पाहायला लांब जावं लागत नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, धुळे-नाशिक भागात, शेकडो वर्षांची फड पद्धती आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांत येतं, पाटकरी ते सोडतो, जागल्या राखण करतो, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात. नियम तिथेही कडक आहेत, एखाद्या इंटरनेटवरच्या समूहापेक्षा कितीतरी कडक. पण पाणी नाकारलेल्या शेतकऱ्याला का नाकारलं ते माहीत असतं, नाकारणारा कोण ते माहीत असतं, आणि पुढच्या बैठकीत तो त्याच्या समोर बसलेला असतो. लाखभर सदस्यांच्या समूहात समोरासमोर बसणं शक्य नाही, हे मान्य. पण कारण सांगणं, नाव सांगणं आणि दाद मागायची जागा ठेवणं याला समोरासमोर बसावं लागत नाही.

या सभागृहातले तुम्ही बरेच जण कुठल्या ना कुठल्या समूहाचे ॲडमिन आहात. शेतीचा असेल, पाककृतींचा, गडकोटांचा, माजी विद्यार्थ्यांचा, परदेशी गेलेल्या मराठी माणसांचा. तुमचे नियम सैल करा असं मी म्हणत नाही. माझं मागणं इतकंच आहे, की उद्या कुणाची पोस्ट काढाल तेव्हा नियमाच्या क्रमांकाखाली साध्या मराठीत एक ओळ लिहा: काय कमी पडलं, आणि काय केलं तर हीच पोस्ट चालेल. नव्या माणसाचं पहिलं लिखाण यंत्राच्या हवाली करू नका, ते कुणीतरी माणसाने वाचावं. वर्षातून एकदा नियमांची यादी सगळ्यांपुढे ठेवा आणि कोणता नियम आता नको, हे मुद्दाम नव्यांना विचारा. ज्यांची पोस्ट निघाली आहे त्यांनाही माझी विनंती आहे: निघून जाण्याआधी एकदा कारण विचारा. दोनदा विचारायला लागलं तरी विचारा. तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्या समूहात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.